चौदा नंबरचा सूट

माझी भाची जन्मली तेव्हा दादाने तिला स्वतःच्या दुकानातल्या काट्यावर तोललं. दवाखान्यातल्या काट्यावर त्याचा विश्वास नव्हता, कारण तो काटा दर वर्षी दुरुस्तीला त्याच्याकडेच यायचा. दोन्हीकडे एक किलो नऊशेच भरली, तेव्हा कुठे तो वहिनीला जाऊन म्हणाला, "मुलगी झाली." वहिनी म्हणाली, "हो, मी तिथेच होते."

एवढीशी म्हणून तिचं नाव चिमटी पडलं. कागदावर वेगळं आहे, पण ते कागदालाच माहीत.

पुढे शिकायलाही तिने एवढुसंच निवडलं. नॅनो. एक केस घ्यायचा, त्याचे उभे ऐंशी हजार तुकडे करायचे, त्यातला एक तुकडा म्हणजे एक नॅनोमीटर. चिमटीचे सोन्याचे कण वीस नॅनोमीटरचे. हे तिने पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा दादाने विचारलं, "वजन किती?"

"बाबा, त्याचं वजन करत नाहीत."

"मग आहे कशावरून?"

तिने चष्मा पुसला आणि विषय बदलला. त्या घरात सगळे असंच करतात, काहीतरी पुसतात आणि विषय बदलतात. दादा काट्यावर वजन ठेवायच्या आधी त्यावर 'हा' करून श्वास सोडतो आणि ते डाव्या बाहीवर पुसतो. एक धुळीचा कण राहिला तरी काटा खोटं बोलतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या एकूण एक शर्टाची डावी बाही काळी. वहिनीने धुण्यात जन्म काढला.

चिमटीचं शिक्षण होतं आंतरशाखीय. पहिल्या वर्षी मला या शब्दाचा अर्थ कळला नाही. दुसऱ्या वर्षी कळला. आंतरशाखीय म्हणजे स्वतःचं टेबल नसणे. तिला गाईड तीन. सोन्याचे कण बनवायचे रसायनशास्त्रात, म्हणून रसायनच्या बाई. ते मोजायचे पदार्थविज्ञानात, म्हणून तिथले उंच सर. आणि शेवटी त्या कणांनी रक्ताच्या थेंबातला आजार ओळखायचा, म्हणून जीवशास्त्रातले पेशीवाले सर. उंच सर म्हणत, ती खरी रसायनची. रसायनच्या बाई म्हणत, ती पेशीवाल्यांची. पेशीवाले सर म्हणत, कोण ती? दोन घरचा पाहुणा उपाशी असतो म्हणतात. ही तर तीन घरची. तिचं टेबल सहा वर्षं जिन्याखाली होतं, अग्निशामक नळकांड्याच्या शेजारी. नळकांड्याला निदान स्वतःचा नंबर होता.

मी त्याच इमारतीत कपडे धुते. लोकांना वाटतं भाचीच्या वशिल्याने लागले. मी तिच्या तीन वर्षं आधीपासून आहे, आणि तिचा अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा हेही मीच दाखवलं. ती राहते माझ्याकडेच. घरात आम्ही दोघीच. इमारतीत मी सगळ्यांची मावशी, तिची एकटीची आत्या.

माझे कपडे म्हणजे क्लीनरूमचे पांढरे सूट. क्लीनरूममध्ये धूळ चालत नाही. दाराशी चिकट पायपुसणं आहे, ते पाय पुसत नाही, धरून ठेवतं. आत जाणाऱ्याने आधी माझ्या खोलीत यायचं, डोक्यापासून पायापर्यंत सूट चढवायचा, हातमोजे सुटाच्या मनगटावर ओढायचे आणि मग आत. माझ्या खोलीतून आत बघायला एक लांबट काच आहे. तिथल्या कारभाऱ्याला सगळे धूळसाहेब म्हणतात. त्याच्याकडे हवेतले कण मोजायचं यंत्र आहे. माणूस आला की तो 'या' म्हणत नाही, आकडा सांगतो. "मावशी, तुम्ही आलात आणि दोनशे वाढले."

सुटांना साधा साबण लावायचा नाही, अत्तर नाही, आणि कपडे मऊ करायचा सॉफ्टनर तर मुळीच नाही. तसं लिहिलेला कागद असतो, त्यावर मी दर शनिवारी सही करते.

दोन वर्षांपूर्वी चिमटीच्या मानेवर पुरळ आलं. सुटाची कॉलर खरखरीत, चेन वर घेतली की घासते. दिवसाचे सात-सात तास ती आत. मान लाल झाली. मी म्हटलं, मलम लाव. ती म्हणाली, क्लीनरूममध्ये मलम चालत नाही. मग मी बाकीचे सूट नेहमीसारखे यंत्रात धुतले आणि तिचा चौदा नंबरचा तेवढा शेवटच्या पाण्यात वेगळ्या टबात बुडवला. त्या पाण्यात अर्धं टोपण सॉफ्टनर. बिनवासाचा. मी काही वेडी नाही.

आणि शनिवारी सही केली. मान बरी झाली. चिमटीला मी बोलले नाही. बोलले असते तर तिने घालू दिलं नसतं.

आता सोन्याचं. सोन्याचे कण काचेला आपण होऊन धरत नाहीत. आधी काचेला एक डिंकासारखं रसायन लावावं लागतं, आणि त्या रसायनामुळे पुढे रक्ताची तपासणी बिघडते, असं पेशीवाले सर पाच वर्षं सांगत होते. चिमटीला असं काहीतरी शोधायचं होतं की तो डिंक लागूच नये. तिच्या काचपट्ट्या चार वर्षं कोऱ्या निघाल्या. सोनं बसलं की काच फिकट गुलाबी दिसते. तिची काच खिडकीच्या काचेसारखी. ती घरी येऊन काही बोलायची नाही, ताटात दोन घास जास्त घ्यायची. त्यावरून मला कळायचं.

मग एका मंगळवारी काच गुलाबी झाली. साध्या काचेवर, डिंकाशिवाय. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग दर वेळी. उंच सरांनी मोजून सांगितलं, कण बसलेत, एकसारखे बसलेत, फक्त काचेच्या कडेला कमी आहेत. ते पुढे दोन वर्षं हेच सांगत राहिले. "कडेला कमी आहेत." चांगल्या बातमीच्या शेवटी काहीतरी ठेवायचं, हा त्यांचा स्वभाव.

रसायनच्या बाईंनी स्वतः करून पाहिलं. तेच सोनं, तेच पाणी, तीच काच. कोरी. पेशीवाल्या सरांच्या दोन विद्यार्थ्यांनी केलं. कोरी. चिमटीने केलं की गुलाबी.

"हिच्या हाताला गुण आहे," रसायनच्या बाई म्हणाल्या.

"हातगुण हे मोजमापाचं एकक नाही," उंच सर म्हणाले.

पेशीवाले सर म्हणाले, "तिच्या हातांची दोन दिवस सुट्टी घेता येईल का? म्हणजे कळेल."

हसण्यावारी गेलं खरं, पण सहावं वर्ष संपत आलं होतं. तिची नोंदणी महिनाअखेरीस संपायची होती. त्याआधी एका फॉर्मवर तिघांच्या सह्या हव्या होत्या. एक राहिली तरी सहा वर्षं गेली. पीएचडीत ना उत्तीर्ण ना नापास, नुसतं 'नोंदणी रद्द'. तिघांनी ठरवलं, सोमवारी आमच्यासमोर एकदा करून दाखव. काच गुलाबी झाली की सही.

सोमवारी सकाळी धूळसाहेब खोकं घेऊन आला. "आज पाहुणे आत जाणार. सगळ्यांना नवे सीलबंद सूट. चौघांनाही. परीक्षा म्हणजे परीक्षा." मी चौघांना सूट दिले. चौदा नंबर खुंटीला राहिला.

मी लांबट काचेतून पाहत होते. चिमटीने काचपट्टी धुतली, वाळवली, सोन्याच्या पाण्यात सोडली. तासाभराने बाहेर काढून उजेडासमोर धरली. काचेच्या पलीकडे उंच सरांचं नाक स्वच्छ दिसत होतं.

पेशीवाले सर घड्याळाकडे पाहत राहिले. मग रसायनच्या बाई म्हणाल्या, "शुक्रवारी पुन्हा करू या."

"शुक्रवार शेवटचा," उंच सर म्हणाले.

त्या संध्याकाळी चिमटीने चार घास जास्त घेतले. दादाचा फोन आला.

"झालं का गं?"

"शुक्रवारी, बाबा."

"चिकटलं नाही?"

"नाही."

"पुसली होतीस का नीट?"

"बाबा, काच आहे ती, वजन नाही." तिने फोन ठेवला. मग पाण्याचा पेला घेतला, त्यावर 'हा' केलं, डाव्या बाहीवर घासला आणि टेबलावर ठेवला. तिच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही, तेव्हा.

बुधवारी सकाळी चौदा नंबरचा सूट टबात होता आणि माझ्या हातात सॉफ्टनरचं टोपण होतं, अर्धं भरलेलं. मला विज्ञान कळत नाही. पण मी धुण्यातली बाई आहे. एक कपडा डागाळला आणि दुसरा नाही, तर दोघांत वेगळं काय झालं हे मी आधी बघते. नव्या सुटात काच कोरी. जुन्या सुटात गुलाबी. दोन सुटांत फरक काय? दुसऱ्यांच्या सुटात कोरी, तिच्या सुटात गुलाबी. फरक काय? दोन वर्षांपूर्वीच सुरू झालं. दोन वर्षांपूर्वी काय झालं?

फरक म्हणजे मी.

पण सूट काचेला लागतो कुठे? मनगटावर हातमोजा असतो. मग मला तो पेला आठवला. आणि सोमवारची एक गोष्ट, जी मी पाहूनही पाहिली नव्हती. काच वाळवल्यावर, पाण्यात सोडायच्या आधी, चिमटीने हातमोज्याच्या वरच्या अंगाला, डाव्या बाहीवर, ती एकदा पुसली होती. वरून खाली. तोंडावर मास्क म्हणून 'हा' तेवढं राहिलं. तिघं शहाणे समोर उभे, पण ते सोन्याकडे बघत होते. क्लीनरूममध्ये बाहीला काही पुसणं म्हणजे स्वयंपाकघरात चपलेने भांडं घासण्यासारखं. ती असं करते हे तिला कोणी विचारलं असतं तर तिने शपथेवर नाही म्हटलं असतं.

मी टोपण टबात ओतलं. सवयीने. सूट वाळवला, पिशवीत भरला, चौदाच्या कप्प्यात ठेवला.

आता खरं सांगते. बुधवारभर माझा विचार असा होता की शुक्रवारी तिला हाच सूट द्यायचा. धूळसाहेबाला सांगायचं, नवे संपले. काच गुलाबी होईल, तीन सह्या होतील, चिमटी डॉक्टर होईल, दादा दुकान अर्धा दिवस बंद ठेवेल. कोणाचं काय जातंय? माझी नोकरी राहील. एकशे चार शनिवार मी खोटी सही केली होती, एकशे पाचवा करायला काय लागतं?

गुरुवारी सकाळी उठले तर दुसराच विचार डोक्यात. ही डॉक्टर झाल्यावर इथे थोडीच राहणार? लांब कुठेतरी जाईल, मोठ्या जागी, लोकांना म्हणेल, बघा, साध्या काचेवर सोनं. आणि काच कोरी निघेल. पुन्हा कोरी. ती रोज दोन घास जास्त घेत बसेल आणि तिला आयुष्यभर कळणार नाही की काय चुकलं. तिथे कपडे धुवायला मी नसणार.

दुपारी तिला इमारतीच्या मागच्या बाकावर बोलावलं. आम्ही तिथेच डबा खातो. मी उकडलेलं अंडं सोलून तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. पुरळ, टब, टोपण, बाही.

ती अंड्याकडे बघत राहिली.

"मी बाहीला पुसते?"

"पुसतेस."

"क्लीनरूममध्ये?"

"दादासारखी. हुबेहूब."

मला वाटलं आता रडेल, किंवा मला काहीतरी लागेल असं बोलेल, आणि तिने बोलावंच. मी पदराआड... छे, मी ॲप्रनच्या खिशात हात घालून बसले होते.

"आत्या," ती म्हणाली.

"बोल."

"किती टोपणं?"

"अर्धं."

"पाणी किती?"

"टबाला आत खूण आहे, तिथपर्यंत."

"दर वेळी तेवढंच?"

"मी काय अंदाजाने धुते का?"

"सॉफ्टनर कुठला, एकच का? मध्ये बदललास?"

"एकदा दुकानात नव्हता, तेव्हा दुसरा आणला. गेल्या जूनमध्ये, दोन आठवडे."

तिने डोळे मिटले. "गेल्या जूनमध्ये माझे दोन आठवडे सगळं जांभळं आलं होतं. आत्या, त्या दोन आठवड्यांवर मी आख्खं एक प्रकरण लिहिलंय."

अंडं तसंच बाकावर ठेवून ती पळाली. मी ते खाल्लं. वाया कशाला घालवायचं?

त्या दुपारी तिने बारा काचा केल्या. नव्या सुटावर पुसलेली, चौदा नंबरवर पुसलेली, न पुसलेली, आणि काही थेट सॉफ्टनरच्या पाण्यात बुडवलेल्या. मला समजावं म्हणून तिने नंतर सांगितलं ते असं. सोन्याच्या कणांवर एक प्रकारचा विद्युतभार असतो आणि काचेवरही तोच, म्हणून दोघांचं जमत नाही. सॉफ्टनरमध्ये उलटा असतो. तो मध्ये बसला की दोघांचं जुळतं. म्हणजे मध्यस्थ. पण बुडवलेल्या काचा निळ्या पडल्या, कारण सॉफ्टनर जास्त झाला की कण काच सोडून एकमेकांच्या गळ्यात पडतात. कापडाला लागून राहिलेला, एका पुसण्यापुरताच, बरोबर पुरतो.

"म्हणजे तुझा शोध गेला का राहिला?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "उद्या कळेल."

शुक्रवारी तिघे आले. चिमटीने कोणाला सूट घालू दिला नाही. माझ्याच खोलीत, कप्प्यांसमोर, बारा काचा पांढऱ्या कागदावर मांडल्या आणि सगळं सांगितलं. माझं नाव आलं तेव्हा धूळसाहेबाने माझ्याकडे बघितलं. मग त्याने कपाटातून फाईल काढली आणि मोजायला लागला. मोजण्याची सवयच त्याला.

"मावशी. एकशे चार सह्या."

"हो साहेब."

"एकशे चार."

"कमी नाहीत, साहेब. मीही मोजल्यात."

तो पुढे काही बोलणार तेवढ्यात रसायनच्या बाईंनी एक काच उचलली. "हे तर सरळसरळ रसायन आहे," त्या म्हणाल्या. "हे काम आमच्या विभागाचं."

"विद्युतभाराचा प्रश्न आहे," उंच सर म्हणाले. "म्हणजे आमचं."

"थांबा, थांबा," पेशीवाले सर पुढे आले. "डिंक नाही ना? मग रक्ताची तपासणी हा सॉफ्टनर बिघडवतो का ते आधी आम्ही बघणार. ती आमच्याकडे बसेल. आमच्याकडे टेबल आहे."

"टेबल आमच्याकडेही आहे," रसायनच्या बाई म्हणाल्या.

सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्यावरून भांडण झालं. चिमटी भिंतीला टेकून उभी होती आणि मान खाजवत होती. सोमवारी नवा सूट घातला होता ना.

सह्या मात्र झाल्या नाहीत. म्हणजे दोन झाल्या. उंच सर म्हणाले, "जूनचं प्रकरण काढून टाक, हे नवं लिही, मुदतवाढीचा अर्ज मी स्वतः घेऊन जातो. पण माझी सही कडेचं उत्तर मिळाल्यावर. कडेला अजूनही कण कमी आहेत. का?"

"माहीत नाही, सर."

"मग शोध."

मला सुटांच्या खोलीतून काढलं. योग्यच केलं. किल्ली देताना धूळसाहेब म्हणाला, "मावशी, राग नाही. पण माझ्या आकड्यांना काय सांगू?" मी म्हटलं, सांगा, मावशी गेली आणि दोनशे कमी झाले. तो हसला नाही. नंतर यंत्राकडे मात्र बघून आला.

आठवड्याने रसायनच्या बाईंनी मला त्यांच्या मजल्यावर बोलावलं. तिथे एक टब ठेवला होता, नवा, आत खूण केलेला. चौदा नंबरच्या सुटाची डावी बाही कापून तिचे चौकोन केले होते. ते चौकोन मी धुवायचे, शेवटच्या पाण्यात अर्धं टोपण सॉफ्टनर घालायचा, आणि दर शनिवारी सही करायची की घातलाय. पहिल्या शनिवारी माझा हात अडला. खरी सही करायची सवय राहिली नव्हती.

कडेचं उत्तर काही सापडेना. चिमटीने काच बदलली, पाणी बदललं, चौकोन बदलले. मिळालेल्या मुदतवाढीतले तीन महिने गेले. एका रविवारी दादाचा फोन आला तेव्हा ती आंघोळीला गेली होती, म्हणून मीच सगळं सांगितलं. माझं, बाहीचं, कडेचं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे माझी सवय पुस्तकात जाणार?"

"जाणार. तिने लिहिलंय तसं. कापडाने एकदा पुसावे, वरून खाली."

"काय?"

"वरून खाली."

"अगं, वरून खाली कोण पुसतं?" दादा इतका चिडलेला मी खूप वर्षांनी ऐकला. "गोल पुसायचं! वरून खाली पुसलं की कडेची धूळ कडेलाच राहते. लहानपणी किती वेळा दाखवलं तिला. दे तिला फोन."

ती ओल्या केसांनी आली, फोन कानाला लावला. पाच मिनिटं नुसतं "हो बाबा" म्हणत होती. मध्येच तिने टेबलावरचा पेला उचलला, बाहीवर ठेवला आणि हळूच गोल फिरवला. मग थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही अंगठा कुठे धरता?"

मंगळवारी उंच सरांनी काच उजेडासमोर धरली, मग यंत्राखाली धरली, मग पुन्हा उजेडासमोर. बराच वेळ काहीतरी शोधत होते. कडा भरली होती.

त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि विचारलं, "ही पद्धत कोणाची?"

"काटे दुरुस्त करणाऱ्यांची," चिमटी म्हणाली.

"कुठल्या विभागात आहेत?"